खारीक एवढीच आहे

सातपूर, नाशिक
११ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
दीपाचा नमस्कार.

तुझ्या कानांना फोन चालत नाही, आणि तुझ्या सुनेच्या, शुभांगीच्या, फोनवर निरोप पाठवला की तो तुझ्याआधी सगळं घर वाचतं. म्हणून पत्र. वाल्मीक भाजीची पिकअप घेऊन मार्केटला येतो तेव्हा त्याच्याकडे देईन.

भाऊबीजेला तू विचारलंस, चेहरा असा का उतरलाय. वहिनींसमोर सांगितलं नाही. कुत्र्यामुळे.

आमचा राज कॅनडाला जाताना खारकेला आमच्याकडे ठेवून गेला, हे तुला माहीत आहे. दोन वर्षं हेच तिला जॉगिंग ट्रॅकवर फिरवायचे. हे जूनमध्ये गेले, तेव्हापासून मी फिरवते. फिरवण्याचा त्रास नाही. ती साडेचार किलोची आहे, ओढून ओढून किती ओढणार. त्रास लोकांचा आहे.

तू तिला नीट पाहिलेलं नाहीस. ती पलंगाखाली होती आणि तुला फक्त नाक दिसलं. ती मिनिएचर पिन्शर जातीची आहे. रंगरूप डॉबरमनसारखं, पण ती डॉबरमन नाही आणि डॉबरमनचं पिल्लूही नाही. सात वर्षांची आहे. जेवढी व्हायची तेवढी झालेली आहे. हे वाक्य मी रोज म्हणते.

काल माकडटोपी घातलेले एक गृहस्थ थांबले. म्हणाले, "डॉबरमन का?"

मी नाही म्हणाले.

"पिल्लू आहे ना, म्हणून कळत नाही. मोठं झालं की कळेल."

मी म्हणाले, सात वर्षांची आहे. ते म्हणाले, सात महिन्यांची, मग बरोबर. आणि निघून गेले.

काही लोक तर तिला बघून "अजून तेवढीच?" असं विचारतात. जणू मी त्यांना काही कबूल केलं होतं. मध्यंतरी मी उत्तर देणंच सोडलं. तर लोक खाली वाकून खारकेलाच विचारायला लागले.

तुला माहीत आहे, अनोळखी माणसांशी बोलणं मला कधी जमलं नाही. ते खातं ह्यांच्याकडे होतं. बाकी ठीक.

तुझी
दीपा


मळा, दिंडोरी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. दीपास दादाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. इकडं पहाटे लय धुई पडते, द्राक्षावर डाऊनी रोगाची भीती, त्यामुळं दिवसाआड फवारा चालू हाय. म्हणून उत्तराला उशीर.

कुत्रीचं वाचून वाईट वाटलं. सात वर्षांचं जनावर साडेचार किलोचं, हे लक्षण बरं नाय. आपल्या शेरूचं नुसतं डोकं तेवढं भरेल. मी नाक पाहिलं होतं हे खरं, पण नाकावरून मला कुत्रं चांगलं मोठं वाटलं होतं.

मला वाटतं राज फसला. रोपवाटिकेत पण असंच होतं. सांगतात एक व्हरायटी, लावल्यावर निघते दुसरीच. पण आता झालं ते झालं. तू तिला आधी जंताचं औषध दे. मग नागली सुरू कर. तुझी वहिनी नवसाबाई म्हणते, नागलीनं हाड धरतं. तिनं तीन पोरं नागलीवर वाढवली, एकही बुटकं नाय.

वाल्मीकसोबत नागलीचं पीठ, गावठी अंडी अन् मेथीच्या जुड्या पाठवतोय. हे सगळं तिच्यासाठी. उरलं तर तू खा.

लोक विचारतात त्याचा राग धरू नको. लोकांना काळजी वाटते. मला पण वाटते. तिला पोटभर घालतेस ना? तू लहानपणापासून घासातला घास काढून ठेवणारी, म्हणून विचारतो.

तुझा दादा
पुंजाराम


सातपूर
१ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

सामान पोचलं. अंडी खारकेनं खाल्ली. नागली हुंगली आणि बाजूला झाली. पीठ डब्यात भरून ठेवलं आहे. मेथी शेजारी दिली, एकटीनं निवडत कुठे बसायचं.

जंताचं औषध तिला वेळच्या वेळी मिळतं. राज फसलेला नाही. जी जात सांगितली होती तीच निघाली. दादा, काही कुत्री लहानच असतात. बोकडाचा बैल का होत नाही, असं आपण विचारतो का? शेरूला तुझ्या मळ्यात येऊन कुणी विचारतं का, की तू एवढा मोठा कशाला झालास?

तू विचारलंस म्हणून लिहिते. तिला सकाळी उकडलेलं चिकन आणि भात, त्यात गाजर. संध्याकाळी अंडं किंवा पुन्हा चिकन. मार्गशीर्ष लागेल, तो मी पाळते, पण तिच्यावर लादत नाही. ह्यांनी तिची सवय करून ठेवली आहे आणि ती मी मोडलेली नाही. माझं म्हणशील तर सकाळी चहा-टोस्ट, रात्री वाटलं तर पुन्हा तेच. एका माणसासाठी कुकर लावावासा वाटत नाही.

ट्रॅकवर परवा एक मुलगी भेटली. ट्रॅकसूट घातलेला, हातात फोन. तिनं अगदी नीट चौकशी केली. खायला काय देता, किती वेळा देता, डॉक्टरांना दाखवता का. मला बरं वाटलं, की कुणीतरी वय सोडून दुसरं काही विचारलं. मी जरा मोकळेपणानं बोलले. तिनं खारकेचे फोटो काढले, बरगड्यांच्या बाजूनं, आणि आम्ही चालताना व्हिडिओही.

थंडी वाढली आहे. खारकेला राजचा जुना पायमोजा कापून अंगात घालते. ती त्यात मावते, त्यामुळे लोकांचा ती पिल्लू असल्याचा समज पक्का होतो.

दीपा


दिंडोरी
१० डिसेंबर २०२४

दीपा,

शुभांगीनं काल फोनवर एक व्हिडिओ दाखवला. ट्रॅक तुझाच हाय, स्वेटर तुझा हाय. तोंड धूसर केलंय, पण नवसाबाईनं चालीवरून ओळखलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय की डॉबरमनच्या पिल्लाला उपाशी ठेवून त्याची वाढ खुंटवणारी बाई, सातपूर.

दिंडोरीच्या बाजारात मला दोघांनी विचारलं. मी म्हटलं, मला ऐकू येत नाय. तेवढा एक फायदा.

तू मोठी बाई, मी काय सांगणार. पण दुःखात माणसाचं मन थाऱ्यावर राहत नाय, हे मला कळतं. दाजींच्या मागं तुला ते मुकं जनावर सांभाळणं होत नसेल तर तसं सांग. लाज धरू नको. इकडं मळ्यावर पाठव. शेरूच्या ताटलीत राहील ते खाऊन वाढेल.

खरं काय ते लिही.

दादा


सातपूर
१४ डिसेंबर २०२४

दादा,

तुला इकडून न्यायची गरज उरली नाही. खारकेला काल नेलं.

दोघं आले होते, प्राण्यांच्या संस्थेचे. एक मुलगा पिंजरा घेऊन, आणि सोबत तीच ट्रॅकवरची मुलगी. तिचं नाव मीना. म्हणाली, काकू, लेखी तक्रार आली आहे, दोन-तीन दिवस आमच्याकडे ठेवून तपासणी करू. कागदावर सही मागितली. मी केली. वाद घालायला हवा होता, हे मला ते जिना उतरल्यावर सुचलं.

सहीआधी त्यांनी घर पाहिलं. फ्रीज उघडून पाहिला. त्यात खारकेचं उकडलेलं चिकन होतं, सूप होतं, किसलेलं गाजर होतं, अंडी होती. मुलगी बराच वेळ फ्रीजसमोर उभी होती. मग तिनं ओट्यावरचे डबे पाहिले. मला म्हणाली, "काकू, हे सगळं तिचं. तुमचं जेवण कुठे आहे?"

मी म्हणाले, "माझ्या जेवणाची तक्रार आलेली नाही."

मुलगा म्हणाला, चला, उशीर होतोय.

खारीक पिंजऱ्यात शिरायला तयार नव्हती. पिंजरा मोठ्या कुत्र्याचा होता. ती एका कोपऱ्यात उभी राहिली तेव्हा तो रिकामाच वाटत होता.

तुझं पत्र त्याच्या आदल्या दिवशी आलं. ट्रॅकवरच्या लोकांचं मी समजू शकते, ते परके आहेत. तू मला लहानपणापासून ओळखतोस. तरी तू विचारलंस, खरं काय ते लिही. खरं मी दोन पत्रांत लिहिलं होतं.

आज ट्रॅकवर गेले नाही. जाण्याचं काही कारण नाही.

दीपमाला


दिंडोरी
१५ डिसेंबर २०२४

दीपा,

वाल्मीक माघारी आला तो पत्र घेऊनच आला. मी वाचलं अन् मला कुत्री नेली त्याचं वाईट वाटलं. मग नवसाबाईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. फ्रीजचं आलं तिथं तिनं मला थांबवलं. म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाली, आधीचं पत्र आणा, मेथी शेजारी दिली ते.

सगळं ऐकून ती एवढंच बोलली. "अहो, कुत्री जेवतीय. तुमची बहीण जेवत नाय."

मी वाल्मीकला बोलावून विचारलं, ताई कशा दिसतात. तो म्हणाला, "लय बारीक झाल्यात. मला वाटलं तुम्हाला माहीत असंल." कुणी मला सांगितलं नाय अन् मी कुणाला विचारलं नाय. सगळी चौकशी मी कुत्रीचीच करत बसलो. भाऊबीजेला तू शाल पांघरून बसली होतीस, मला वाटलं थंडी.

उद्या दोघं येतो. हे पत्र आमच्या आधी तासभर पोचेल, कारण वाल्मीकच्या गाडीत पुढं दोनच माणसं मावतात अन् तुझी वहिनी म्हणते आपण एसटीनं जाऊ. दार उघड. आवराआवर करू नको.

दादा


दिंडोरी
२४ डिसेंबर २०२४

चि. दीपास आशीर्वाद.

फवाऱ्यासाठी मला माघारी यावं लागलं. नवसाबाई तुझ्याकडं राहिली ते बरंच झालं, इथली काळजी करत बसू नको म्हणून तिला सांग. शुभांगी हाय.

कुत्री आणायला संस्थेत गेलो तिथं काय झालं, ते मी तुला नीट सांगितलं नाय. आणली म्हटलं तेवढंच. त्या दिवशी तू वहिनीच्या समोर बसून भात खात होतीस, तेव्हा मला दुसरं काही बोलावंसं वाटलं नाय. म्हणून आता लिहितो.

वाल्मीकला सोबत घेतलं होतं, ऐकायला. तिथं त्यांनी खारकेला बाहेर आणलं. दीपा, मी तुझी पत्रं वाचली होती, तरी मला वाटलं अजून बाकीचं कुत्रं मागून येतंय. एवढीशी. पाय अगरबत्तीसारखे. पण चालत आली ती अशी, की मळा तिचा अन् मी सालगडी. माझा बूट हुंगला अन् त्यावर बसली.

डॉक्टर भले माणूस. मला ऐकू येत नाय कळल्यावर त्यांनी कागदावर लिहून दिलं. पूर्ण वाढलेली मादी, दात सात-आठ वर्षांचे, जात लहानच असते, तब्येत उत्तम. खाली लिहिलं होतं, थोडी जाड आहे, खाणं कमी करावं. मी ते दोनदा वाचलं. मग वाल्मीककडून वाचून घेतलं.

मग मी विचारलं की तक्रार कुणाची. नाव त्यांनी सांगितलं नाय, पण मजकूर मीनानं वाल्मीकला वाचून दाखवला. ट्रॅकवरच्या कुणी तरी लिहिलं होतं की साहेब होते तोवर हे डॉबरमनचं पिल्लू चांगलं वाढत होतं. साहेब वारले अन् तेव्हापासून बाईनं खायला घालणं बंद केलं, पिल्लू हाय तेवढंच राहिलं. आता दाजी असताना ती वाढत होती हे यांनी कुठं पाहिलं, ते मला कळलं नाय. तुला कळलं तर बघ.

तिथं सात-आठ माणसं जमली होती. मी मोठ्यानं बोलतो ते माझं मला कळत नाय. मला वाटलं, मी हळूच सांगतोय. वाल्मीक म्हणतो रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मी म्हणालो, "ही कुत्री एवढीच हाय. हिला वाढायचं नाय. उपाशी होती ती माझी बहीण, अन् तिचा व्हिडिओ कुणी काढला नाय."

माझा पण त्यात नंबर लागतो, हे मला बोलतानाच कळलं.

मीना पोरगी रडली. मी तिला म्हटलं, रडू नको, मी सख्खा भाऊ असून नागली पाठवली ती कुत्रीला. तिनं व्हिडिओ काढून टाकते म्हणून सांगितलं. वाईट पोरगी नाय. फ्रीज बघून तिला तेव्हाच कळलं होतं, पण फॉर्मवर रकाना कुत्र्याचा होता.

जेवत जा. कुत्रीचं थोडं कमी कर.

दादा


सातपूर
१९ जानेवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

वहिनी संक्रांत करून परवा गेल्या, त्या सुखरूप पोचल्याचं वाल्मीककडून कळलं. महिनाभर होत्या. पहिले आठ दिवस त्यांनी मला ताट वाढून दिलं आणि समोर बसून राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, आता तू वाढ, मी बसते. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येत असेल तर तवा ठेव, असंही सांगून गेल्या. तो ठेवते.

मीना दोनदा येऊन गेली. तिनं खारकेचा नवीन व्हिडिओ टाकला आहे. त्यात जात, वय, वजन सगळं नीट सांगितलं आहे. खाली लोकांनी लिहिलं आहे, किती गोड पिल्लू.

तू विचारलं होतंस, ह्यांच्या वेळी ती वाढत होती हे लोकांनी कुठं पाहिलं. ते मला कळलं.

ट्रॅकवर कारभारी म्हणून एक निवृत्त गृहस्थ येतात. ह्यांच्यासोबत चालायचे. गेल्या आठवड्यात मी स्वतःहून त्यांना थांबवलं. वहिनी सोबत होत्या म्हणून जमलं. मी विचारलं, साहेब असताना खारीक वाढत होती असं तुम्हाला कशावरून वाटतं? ते म्हणाले, "साहेब सांगायचे ना. आत्ता कुठे सहा महिन्यांची आहे, वाढेल की."

मी म्हणाले, "दोन वर्षं सहा महिन्यांचीच?"

"आम्हालाही तसं वाटायचं. पण साहेब कंपनीत क्वालिटीला होते. ते कशाला खोटं बोलतील?"

दादा, ह्यांची नोकरी तुला माहीत आहे. केसाएवढा फरक निघाला तर आख्खा लॉट परत पाठवायचे. घरी पोळी तव्यावरून उतरली की तिचा गोल बघायचे. हा माणूस दोन वर्षं रोज सकाळी ट्रॅकवर जाऊन लोकांना सांगत होता की ही डॉबरमन आहे आणि वाढणार आहे.

आता ते "अजून तेवढीच?" कळलं. लोकांना खरोखरच कबूल केलेलं होतं.

मला राग आला. जूनपासून पहिल्यांदाच ह्यांचा राग आला. मी इकडे एकेकाला जात समजावून सांगतेय, माझं नाव तक्रारीत जातंय, कुत्री पिंजऱ्यात जातेय, आणि हे सगळं ह्यांनी गंमत म्हणून करून ठेवलेलं. घरी आल्यावर फोटोसमोर उभी राहून बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी लताबाई भेटल्या. त्या सकाळी ट्रॅकच्या दाराशी फुलं विकतात. म्हणाल्या, ताई, मला पण साहेबांनी सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, साहेब, तुमचं कुत्रं लय हळू वाढतंय. तर म्हणाले, "आमच्या घरी कुत्र्याची सवय नाही. तिला एकदम मोठं कुत्रं नको, म्हणून सावकाश वाढवतोय."

तिला म्हणजे मला.

मी फुलं घेतली आणि बाकावर बसले. खारीक बाकावर चढली. थंडी होती, म्हणून शालीत घेतली. एक बाई थांबून म्हणाल्या, किती महिन्यांची? मी सात वर्षं म्हणाले आणि त्यांना विचारलं, तुम्ही आधी इथे यायचात का? कुत्री घेऊन एक उंच गृहस्थ यायचे, पांढरी टोपी घालून, ते तुमच्याशी कधी बोलले का? त्या म्हणाल्या, हो की. मग त्या बसल्या.

तेव्हापासून असंच चाललं आहे. लोक खारकेचं वय विचारतात, मी खरं ते सांगते, ते मानत नाहीत, आणि मग मी ह्यांच्याबद्दल विचारते. जवळजवळ सगळ्यांना काही ना काही सांगून ठेवलेलं आहे. एकाला म्हणाले होते, ती जर्मन पोलिसांच्या घराण्यातली आहे. एकाला म्हणाले, ती वाढली की आम्ही मोठा फ्लॅट बघणार आहोत. माकडटोपीवाल्या गृहस्थांशी दोनदा वाद झाला, पण त्यांच्याकडे ह्यांच्या बऱ्याच गोष्टी आहेत आणि ते एका दिवशी एकच सांगतात.

त्यामुळे ट्रॅकला एक फेरी मारायची, तर आता दोन तास लागतात. उन्हं वर येतात. खारीक दमते, तिला उचलून आणावं लागतं. आणि घरी पोचेपर्यंत दादा, मला इतकी भूक लागलेली असते, की आधी जेवते आणि मग तिचं बघते.

तुझी
दीपा